गळकी म्हणून ठेवलेली नाव

नावेचा फोटो आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला तेव्हा मी डब्यात पोळ्या भरत होते. निळी नाव, पत्र्याच्या शेडमध्ये चार ओंडक्यांवर ठेवलेली, शेजारी एक बंद स्कूटर आणि कूलरचा सांगाडा. खाली हिंदीत मजकूर: "एंटीक लकड़ी की नाव. चालीस साल पुरानी. हमेशा शेड में रखी गई. शौकीन लोग ही संपर्क करें." त्याखाली सहा जणांचे अंगठे, आणि एका बाईंचा प्रश्न, की ही नाव बागेत ठेवून तिच्यात झेंडू लावता येईल का.

माझं डोकंच फिरलं. ती नाव माझ्या वडिलांनी बनवली होती.

आणि ती गळकी होती. निदान रायपूरच्या चौबे कॉलनीत चाळीस वर्षं सगळ्यांना हेच माहीत होतं. खरं सांगायचं तर मलाही हेच माहीत होतं, आणि त्या सकाळी ठरवलं ते ह्याच समजुतीतून ठरवलं. नाव विकत घ्यायची, ट्रकमध्ये घालून घरी आणायची, आणि अंगणात कुऱ्हाडीनं फोडायची. तिच्यात कोणी झेंडू लावणार आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तिची गोष्ट सांगून हसवणार, हे मला चालणार नव्हतं.

माझे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये सुतार होते. मालगाडीच्या डब्यांच्या लाकडी तळाच्या फळ्या बदलायच्या, दारं दुरुस्त करायची, हे त्यांचं काम. मूळचे भंडाऱ्याकडचे, नोकरीसाठी रायपूरला आले आणि इथलेच झाले. रविवारी ते बाहेरची कामं करायचे. चौबे कॉलनीतल्या सहा-सात घरांत त्यांनी केलेली कपाटं होती, एका घरात झोपाळा होता. त्यातलंच एक घर वकिलांचं. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून आम्ही इथे आहोत, हे ते वकील दर तिसऱ्या वाक्याला सांगायचे, जणू रायपूर त्यांनीच बांधून घेतलं. त्यांना हौस आली की आपली स्वतःची नाव पाहिजे, गंगरेल धरणावर पाहुण्यांना घेऊन जायला.

बाबांनी तोवर नाव कधी बनवली नव्हती. पण नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती आणि न शिकता काम करायचीही नव्हती. ते सहा रविवार महादेव घाटावर गेले. तिथे खारून नदीच्या काठावर एक म्हातारा केंवट, म्हणजे नावाडी, नावा बनवायचा, त्याच्याजवळ बसून राहिले. त्याला विड्या नेऊन दिल्या, त्याच्या फळ्या धरल्या, सुतळीला गाठी मारून मापं आणली. मग हिवाळाभर वकिलांच्या आवारात नाव उभी राहिली. साल वृक्षाचं लाकूड, फळ्यांच्या सांध्यात ताग ठोकलेला, वरून उकळलेली राळ. मी दहा वर्षांची होते, तागाचा पेळू धरायला रविवारी बरोबर जायचे. बाबांना तिथे चहा मिळायचा तो दांडा तुटलेल्या कपात. तो कप खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर असायचा, पिऊन झाला की बाबा तो स्वतः विसळून परत कट्ट्यावर ठेवायचे. दहा वर्षांच्या मुलीला कळू नये असं त्यात काही नव्हतं. मला तेव्हाच कळत होतं.

नाव ट्रकमध्ये घालून गंगरेलला नेली त्या दिवशी मी आणि बाबा तिच्याबरोबर ट्रकच्या मागच्या भागात होतो. वकिलांचे पाहुणे जीपमधून आले होते. पाण्याच्या काठावर नारळ फुटला. बाबा पुढे होऊन वकिलांना काहीतरी सांगायला लागले, मला लांबून ऐकू आलं नाही, फक्त वकिलांचा हात दिसला. माशी हाकलावी तसा हलला तो. सगळे नावेत बसले. बाबा काठावर. नाव घराच्या अंगणाएवढी लांब गेली असेल-नसेल, तोच बायकांचा आरडाओरडा सुरू झाला. तळातून पाणी येत होतं. डबे भिजले, लोणच्याची बरणी तरंगली, वकील गुडघ्यापर्यंत भिजून काठावर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मिस्त्री, तू आपले रेल्वेचे डबे ठोक. नाव बनवणं तुझ्या बापजाद्यांचं काम नाही."

पाहुणे हसले. बाबा खाली मान घालून नावेतलं पाणी उपसायला लागले.

त्या दिवसानंतर चौबे कॉलनीतल्या एकाही घरानं बाबांना काम दिलं नाही. कपाटाचं दारसुद्धा बसवायला बोलावलं नाही. आणि ह्या सगळ्यातली मला सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट वकिलांची नाही, माझी आहे. पुढच्या वर्षी शाळेच्या सहलीला जाऊ देत नाहीत म्हणून मी बाबांशी भांडले. भांडताना हाताशी जे येईल ते माणूस फेकतो. मी म्हणाले, "तुम्हाला काय येतं? तुमची नाव तर गळते." बाबा पटाशीला धार लावत होते. ते धार लावत राहिले. चाळीस वर्षं झाली, आमच्या घरात नाव हा शब्द निघाला नाही.

तर मी त्या नंबरावर फोन केला. वकील जाऊन बरीच वर्षं झाली होती, विकणारा त्यांचा मुलगा होता. माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, त्या दिवशी नावेत टोपी घालून बापाच्या मांडीवर बसलेला. मी मराठीत सुरुवात केली, तर म्हणाला, "दीदी, हिंदी में बोलिए ना, मेरी मराठी ज़रा कमज़ोर है." भोसल्यांच्या काळापासून इथे असलेल्या घराची ही गत. मी कोणाची मुलगी हे सांगितलं नाही. नाव बघायला येते म्हणाले.

संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर बाबांना फोटो दाखवला. बाबा आता त्र्याऐंशीचे आहेत. गुडघे गेलेत, पण कान शाबूत. गल्लीत कोणाच्या कुकरची शिट्टी झाली ते बसल्या जागी सांगतात, पंख्याचा बेअरिंग जायच्या महिनाभर आधी त्यांना ऐकू येतो. वर्कशॉपमध्ये तीच त्यांची रीत होती. डब्याच्या फळीवर हातोडीनं ठोकायचं, कान लावायचा, आणि खडूनं लिहायचं. बिघडलेल्या डब्यावर 'सिक', चांगल्या डब्यावर 'फिट'. सिक डबा वेगळ्या रुळावर काढून ठेवायचे. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी सदऱ्याच्या खिशात खडू असतो. मागे माझ्या स्कूटरवर 'सिक' लिहून ठेवलं होतं, आणि आठ दिवसांनी ती शंकर नगरच्या चौकात बंद पडली.

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"घेऊन काय करशील?"

"फोडीन," मी म्हणाले. "तुकडे करीन तिचे."

"काहून?"

काहून म्हणे! मी इतकी चिडले की पाण्याचा पेला आपटून ठेवला. ह्या माणसाला राग येतच नाही का, हा प्रश्न मला लहानपणापासून पडत आलाय. सगळ्यांसमोर बापजादे काढले तरी पाणी उपसत बसतो, आणि वर विचारतो काहून.

"बरं, फोडजो," बाबा म्हणाले. "पण घ्याच्या आंधी मले पाहू तर दे. माल पाह्यल्याबिगर घेत नसतात."

दुसऱ्या दिवशी रिक्षानं आम्ही चौबे कॉलनीत गेलो. वकिलांच्या मुलानं बाबांना पाहिलं, नीट पाहिलं, आणि ओळखलं. "अरे, मिस्त्री! आप तो वही हैं ना?" त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला मिस्त्री. चहा आला तो कागदी कपात. आता सगळ्यांनाच कागदी कप असतात, तेवढी प्रगती झाली आहे.

"मैं तो उस दिन डूबने वाला था," तो हसत मला म्हणाला. "पापा हमेशा बताते थे. पहले ही दिन पानी भर गया. मिस्त्री नए थे ना इस लाइन में." आणि लगेच, माल विकायचाय हे आठवून, "लेकिन अब सब पैक करवा दिया है. हर दिवाली में घर के साथ इसको भी पेंट होता है."

बाबा ऐकत नव्हते. ते नावेभोवती फिरत होते. वाकता येत नाही म्हणून एका हातानं काठ धरून, दुसऱ्या हाताच्या बोटांनी ठोकत. ठोक, थांब, ऐक. मग खिशातून खडू निघाला आणि निळ्या रंगावर एक गोल काढला. पुढे गेले, आणखी एक गोल. मग ओळीनं गोल.

"मिस्त्री, चॉक मत लगाइए, पेंट खराब होगा."

"हे छेद कोणं केले?" बाबांनी विचारलं.

बारीक छेद होते, काठाखाली एका रांगेत, पुट्टीनं बुजवलेले. त्यानं मोबाईल काढून मोठ्या कौतुकानं फोटो दाखवले. तीन वर्षं घरचा गणपती ह्याच नावेत बसवला होता. दोन्ही बाजूंनी माळा सोडल्या होत्या दिव्यांच्या, आणि तारा आत घ्यायला ड्रिलनं छेद पाडले होते. तळालाही चार, कारंज्याच्या नळीसाठी. मागे निळा पडदा आणि थर्माकोलच्या लाटा. पाण्यावर चालणाऱ्या वस्तूला तळाला भोक पाडून त्यातून कारंजं उडवायचं, हे सुचायला घराणंच तसं लागतं.

"आन् आतून ह्या सांध्याइत पुट्टी कोणं भरली?"

"पेंटर ने. दरारें बहुत आ गई थीं, सूख-सूख के."

बाबांनी खडू खिशात ठेवला. मग ते बोलले, माझ्याकडे बघून, आणि जे बोलले ते मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते.

"लाकडाची नाव आधी पाणी पिते. नवी नाव चार दिवस पाण्यात बुडवून ठेवा लागते. दगड टाकून, पुरी बुडवून. लाकूड फुगते, सांधे आवळतात, मंग ते गळत नाही. केंवटानं मले पयल्याच रविवारी सांगतलं होतं. म्या साहेबाले सांगतलं, आज नका बसू, चार दिवस इथंच बुडवून ठेवू, मी राहतो पाहारा देत. साहेब म्हणे पाहुणे आजच आले आहेत."

मला तो हात आठवला. माशी हाकलल्यासारखा.

"आणि ती घरी आणल्यावर?" मी विचारलं. "तेव्हा का नाही सांगितलं पुन्हा?"

"सांगतलं. दोन डाव आलो ह्या घरी. गेटावरून वापस केलं."

"मग मला का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला होता. वकिलांचा मुलगा एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे बघत होता, त्याला निम्मं कळत होतं. "मी घरातच होते ना? चाळीस वर्षं मी..."

"तू कधी इचारलं?" बाबा म्हणाले.

इचारलं नव्हतंच. मी तर निकाल दिला होता, सहलीच्या भांडणात, अकराव्या वर्षी.

मला वाटलं आता सोपं आहे. नाव घेऊ, पाण्यात बुडवून ठेवू, चार दिवसांनी काढू, आणि ह्या कॉलनीच्या नाकावर टिच्चून खारूनमध्ये सोडू. बाबा मधोमध बसतील, आणि त्याच मराठी ग्रुपवर मी स्वतः फोटो टाकीन. फोडायचा बेत गेला, हा आला. तसं म्हणालेही. बाबांनी मान हलवली.

"आता नाही होत ते. सांध्यात पुट्टी दगडावानी झाली. लाकूड फुगलं तर जाईन कुठं? फळ्याच चिरतीन. वरतून हे छेद. सिक आहे हे."

म्हणजे नाव चांगली होती हे आता सिद्धही करता येणार नव्हतं. एका दिवसाची घाई नडली आणि तिच्यावर गळकी म्हणून शिक्का बसला. मग तिला चाळीस वर्षं कोरडी ठेवून, दर दिवाळीला रंगवून, भोकं पाडून, पुट्टी भरून खरोखरच गळकी करून टाकली. वर एंटीक! मी त्या माणसाला काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. तुमच्या घराण्याला पाणी आणि कारंजं ह्यातला फरक कळत नाही, हे त्यातलं सौम्य वाक्य. तो म्हणाला, "अरे दीदी, इतनी पुरानी बात पे इतना गुस्सा?" जुनी झाली की गोष्ट संपते, हे गोष्ट ज्याच्या अंगावर गेली नाही तोच म्हणतो.

बाबा तेवढ्यात नावेच्या मागच्या टोकाला पोचले होते. तिथे बसायच्या फळीखाली एक बंद कप्पा होता. वकिलांनी जेवणाचे डबे ठेवायला मुद्दाम करून घेतलेला. पुढून आडवी फळी, बाकी तिन्ही बाजू आणि तळ म्हणजे नावच. झाकण खिळे मारून बंद होतं, त्यावरच गणपतीचा पाट ठेवायचे. बाबांनी पटाशी मागितली. घरात पटाशी नव्हती, स्क्रू ड्रायव्हर आला. झाकण निघालं, आणि आत रंगाऱ्याचा हात पोचलाच नव्हता. ना रंग, ना पुट्टी, ना छेद. उघडं सालाचं लाकूड आणि सांध्यातून काळी पडलेली राळ. बाबांनी आत हात घालून ठोकलं. कान जवळ नेला. पुन्हा ठोकलं.

"पोतं आहे का घरी?" त्यांनी वकिलांच्या मुलाला विचारलं. "दोन-तीन. ओले करून ह्याच्यात ठेवतो. चार दिवस."

"इससे क्या होगा?"

"घ्याच्या आंधी पाहून घेतो," बाबा म्हणाले. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून त्यानं हो म्हटलं.

चार दिवस मी सकाळी ऑफिसला जाताना आणि संध्याकाळी परत येताना चौबे कॉलनीत थांबले आणि त्या पोत्यांवर बादली ओतली. पहिल्या दिवशी ओतलेलं पाणी सगळं खाली आलं. फरशीवर चिखल झाला, मोलकरणीनं मला ऐकवलं, मी तिला ऐकवलं. मग फडकं घेऊन मीच पुसलं, कारण तिचा काही दोष नव्हता. दुसऱ्या दिवशी धार होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फक्त थेंब, तेही बोटावर मोजावे असे. मी खाली उकिडवी बसून बघत होते आणि मला स्वतःचीच चीड येत होती. एवढी एक गोष्ट बघायला मी कधीच येऊ शकले असते. ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या अर्जांमधल्या चुका काढण्यात माझी तीस वर्षं गेली. घरच्या माणसाचा अर्ज मी उघडलाही नव्हता.

पाचव्या दिवशी रविवार होता. सकाळीच बाबांना घेऊन गेले. पोती काढली. बाबांनी खडूचा तुकडा दगडानं कुटून भुकटी केली आणि कप्प्याच्या खाली कोरड्या फरशीवर पातळ पसरली. थेंब पडला तर भुकटीत लगेच दिसतो, वर्कशॉपमध्ये पाण्याची टाकी अशीच तपासायचे. मग मी बादल्या ओतल्या. चार बादल्यांत कप्पा काठोकाठ भरला. आम्ही तिघं खुर्च्या टाकून बसलो, एखाद्या घरी मुलगी बघायला आल्यासारखे. चहा झाला. वकिलांच्या मुलानं दोनदा मोबाईल पाहिला. तासभर झाला. बाबांनी मला खाली बघायला सांगितलं.

भुकटी कोरडी होती. पांढरी, जशीच्या तशी.

मी बोट फिरवून बघितलं, कप्प्याच्या तळाला खालून हात लावला. लाकूड गार होतं पण हाताला पाणी लागत नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही राग आला. बाबांनी खिशातून खडू काढला, मागच्या टोकावर 'फिट' लिहिलं, मग भिंत धरत धरत पुढे गेले आणि पुढच्या टोकावर 'सिक' लिहिलं. अक्षर अजूनही सरळ आहे त्यांचं.

वकिलांचा मुलगा खाली वाकून बघून आला. उठला तो बदललेल्या चेहऱ्यानं. "दीदी," तो म्हणाला, "ये तो वाटरप्रूफ निकली. फिर तो रेट थोड़ा बढ़ेगा."

मला वाटलं मी आता कुऱ्हाड नावेवर नाही, दुसरीकडेच चालवीन. चाळीस वर्षं ज्याच्या कामाला नावं ठेवली त्याच्याच कामाच्या जोरावर हा भाव वाढवत होता, तेही त्याच्याच समोर. मी म्हणाले, घेते, किती ते सांगा, घेतेच मी. रागाच्या भरात माणूस काहीही विकत घेतो.

"घ्याची नाही," बाबा म्हणाले.

"बाबा!"

"पुढचं सिक आहे. सिक माल घेऊन काय करशील? मागचं माहं आहे, ते पाह्यलं. चाल."

"पण तुम्ही एकदाही बसला नाहीत तिच्यात."

"म्या बसाले नव्हती बनवली," बाबा म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.

आम्ही निघालो तेव्हा तो मागून ओरडला, "अरे, ये पानी तो निकाल दीजिए!" मी म्हणाले, तुमची नाव आहे, तुम्ही बघा. रिक्षात बाबा बोटांवरची खडूची भुकटी सदऱ्याला पुसत होते. मी अजून संतापलेलीच होते, वकिलांवर, त्यांच्या मुलावर, आणि ह्या माणसावरही, जो आपली गोष्ट खरी ठरल्यावरसुद्धा तिचा झेंडा करत नाही. आणि मला बाबांना काहीतरी म्हणायचं होतं, जे रिक्षाच्या आवाजात म्हणता येण्यासारखं नव्हतं. घरी आल्यावरही म्हणता आलं नाही.

दोन आठवड्यांनी, रविवारी, फोन आला. आम्ही दोघं दुपारचं जेवून बसलो होतो. वकिलांचा मुलगा होता, सूर जरा नरम.

"दीदी, वो नाव का पानी वैसा का वैसा है. मच्छर हो जाएँगे. नीचे कहीं निकालने का छेद है क्या? मिस्त्री से पूछिए ना."

मी फोन स्पीकरवर टाकून बाबांसमोर धरला.

"छेद तर नाही ठेवला म्या," बाबा म्हणाले. "तांब्यानं उपसा लागन." आणि लगेच, "काहून, गळून नाही राहिली का?"

"नहीं टपक रही."

"काय म्हणलं? जोरानं बोला. मले कमी आयकू येते."

मी बाबांकडे बघितलं. पलीकडच्या गल्लीतला कुकर ज्यांना ऐकू येतो ते बाबा, हात कानामागे धरून, फोनवर वाकले होते.

"नहीं टपक रही, मिस्त्री! एक बूँद भी नहीं!"

"फिरून सांगा. नाही आलं आयकू."

"नहीं टपकती! आपकी नाव नहीं टपकती!"

"हव," बाबा म्हणाले. "आता माह्या पोरीले सांगा. मराठीत सांगा. तिले माहीत नाही."

मग तो, कमजोर मराठीत, एकेक शब्द जुळवत म्हणाला, "दीदी, नाव गळत नाही."

बाबा माझ्याकडे बघत होते. फोनकडे नाही, माझ्याकडे.

"ऐकलं मी, बाबा," मी म्हणाले. "चुकलं माझं."

त्यांनी मान हलवली, फोन माझ्या हातातून घेतला, बंद करायचं बटण सापडेना म्हणून तसाच चटईवर ठेवला आणि आडवे झाले. वकिलांचा मुलगा बराच वेळ हॅलो हॅलो करत होता.